रीझन: नो सिक्रेट्स

रविवार, रात्री साडेअकरा. सांगली.

काल आल्यापासून तिसऱ्यांदा आईची हाक. "अरे, हा परत विसरला बघ."

हा म्हणजे लॅपटॉप. माझाच जुना, विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटातली ऑपरेटिंग सिस्टम टाकून तिला दिलेला. रोज सकाळी चालू केला की वायफायचा पासवर्ड मागतो. तो तिने कॅलेंडरच्या पाठीमागे, दुधाच्या हिशोबाखाली लिहून ठेवलाय. सोळा अक्षरं, कॅपिटल-स्मॉल सगळी सरमिसळ. असला पासवर्ड ठेवणारा शहाणाही मीच. चष्मा लावून ती एकेक अक्षर दाबते, नेट लागतं, भजन सुरू होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आणि हे चार महिने चाललंय! फोनवर एका शब्दाने बोलली नाही. "तुझ्या कामात कुठे मध्ये मध्ये करायचं," म्हणे.

सकाळचे दोन तास वायाच गेले. राउटर बंद-चालू केला. नेटवर्क पुसून नव्याने जोडलं, तेही दोनदा. मदरबोर्डवरचा सेल गेला असेल असंही वाटून गेलं, पण सेल गेला तर घड्याळ मागे पडतं, वायफायचा पासवर्ड जात नाही. तो असतो डिस्कवर. घड्याळ तर मिनिटाला मिनिट बरोबर होतं.

मग दुपारी नेटवर्क मॅनेजरची, म्हणजे लिनक्समध्ये नेट जोडून देणाऱ्या प्रोग्रॅमची, नोंदवही उघडली. त्यात जोडणी फसल्याचं कारण लिहिलेलं, रीझन: नो सिक्रेट्स. हसू आलं. म्हणजे गुपित त्याच्या हाताशीच नव्हतं. मग मी साठवलेलं गेलं कुठे?

शेवटी आईलाच म्हटलं, तू रोज करतेस तसं माझ्यासमोर कर. तिने लॅपटॉप चालू केला. पडद्यावर एक चौकट आली आणि मी वाचायच्या आत तिने कॅन्सल दाबलं.

"हे काय होतं?"

"ते होय? काहीतरी इंग्रजीत पासवर्ड मागतो. मी नाही देत. बँकवाले सांगतात ना, आपण होऊन कोणी पासवर्ड मागितला तर द्यायचा नाही."

काय बोलणार यावर! ती चौकट होती कीरिंगची. लिनक्समध्ये वायफायचा पासवर्ड 'फक्त या वापरकर्त्यासाठी' साठवला की तो कीरिंग नावाच्या कुलूपबंद पेटीत जातो. पेटी उघडते लॉगिनच्या पासवर्डाने. आपण लॉगिन केलं की आपोआप, आपल्याला कळतही नाही. पण गणपतीत आलो होतो तेव्हा, आईला रोज टाइप करायला नको म्हणून, मीच ऑटोलॉगिन, म्हणजे पासवर्ड न विचारता थेट आत, चालू करून गेलो होतो. पासवर्ड कोणी टाकतच नाही, तर पेटी उघडणार कशी? मग तो चौकट दाखवून किल्ली मागतो, आई कॅन्सल करते, वायफाय अडतं, आई सोळा अक्षरं टाकते, आणि बंद पेटीत ती ठेवता येत नाहीत. उद्या पुन्हा तेच. एक पासवर्ड वाचवायला गेलो आणि त्याहून लांब दुसरा तिच्या गळ्यात बांधला.

कीरिंगचा पासवर्ड रिकामा करून टाकणं हा एक मार्ग होता, पण मग पेटीतलं सगळंच उघड्यावर. त्यापेक्षा जोडणीच्या सेटिंगमध्ये, पासवर्डच्या रकान्यातल्या छोट्या चित्रावर क्लिक करून 'सर्व वापरकर्त्यांसाठी' केलं. आता तो सिस्टमच्या फाइलमध्ये आहे, साध्या अक्षरांत, फक्त रूटला, म्हणजे सिस्टमच्या मुख्य खात्याला, वाचता येईल असा. लॅपटॉप चोरीला गेला तर चोराला आमचं वायफाय मिळेल. मिळू दे. तोवर तो सांगलीबाहेर गेलेला असेल.

तीनदा बंद करून चालू केला. तिन्ही वेळा मुकाट्याने जोडला गेला. चौकटही नाही.

"आता कॅलेंडरवरचं खोडून टाक," म्हटलं.

"राहू दे की. शेजारचा पोरगा येतो ना, तो तिथूनच बघून घेतो."