नाव कुठं घालायचं?

आमच्याकडं लग्न जमायला लागत नाही एवढा वेळ पत्रिकेचा मजकूर जमायला लागतो. बघाबघी होते, सुपारी फुटते, याद्या होतात, कार्यालय ठरतं, सगळं झपाट्यानं उरकतं. मग कोरा कागद पुढ्यात येतो आणि घरातली शहाणी माणसं चष्मे पुसून बसतात. नवरा-नवरीची नावं, तिथी, मुहूर्त, लग्नस्थळ लिहायला असा किती वेळ लागणार? खरा खल बाकीच्यांची नावं कुठं घालायची यावर होतो. कोण वर, कोण खाली, कोण चौकटीत, कोणाचा फोटो, कोणाचा नुसताच उल्लेख. सांगली-साताऱ्याकडच्या कुठल्याही गावची पत्रिका हातात घ्या. नवरीचं नाव शोधावं लागतं, चेअरमनसाहेबांचं आपोआप दिसतं.

मला पत्रिका वाचायचा नादच आहे. घरातले बाकीचे तारीख बघून ती फ्रिजवर ठेवून देतात. मी चहा घेऊन बसते आणि वरून खाली, पुढून मागून वाचते. पेपरातलं राजकीय विश्लेषण वाचून जे कळत नाही ते इथं कळतं, आणि इथं कुणी विश्लेषण करत नसतं ही आणखी सोय.

सुरुवात देवापासून. जोतिबा प्रसन्न, तुळजाभवानी प्रसन्न, पालीचा खंडोबा प्रसन्न, म्हसवडचा सिद्धनाथ प्रसन्न. आरेवाडीचा बिरोबा दिसला की घर बहुधा धनगराचं. बसवेश्वरांचं चित्र असलं की लिंगायत, 'श्री १००८ पार्श्वनाथाय नमः' असलं की जैन. सांगलीकडं ही दोन्ही घरं भरपूर. बुद्ध आणि बाबासाहेब शेजारी शेजारी असले की कुलदैवताची ओळ नसते. १९५६ च्या धर्मांतरानंतर पत्रिकेतून जे गेलं आणि जे आलं त्यात एका समाजानं स्वतःबद्दल काय ठरवलं ते सगळं आहे, वेगळा जाहीरनामा काढायची गरज नाही. मिरजेकडची मुसलमान घरातली पत्रिका आली तर वर ७८६, आणि खाली निकाह, वलीमा असे दोन-चार शब्द सोडले तर मजकूर चोख मराठी.

गंमत पुढं आहे. वरचा भाग ज्याचा त्याचा, पण खाली उतरलं की सगळ्या पत्रिका एकसारख्या होतात. विकास सोसायटीचे चेअरमन, दूध संस्थेचे व्हाईस चेअरमन, साखर कारखान्याचे संचालक, पंचायत समितीचे माजी उपसभापती, आजी सरपंच, माजी सरपंच, भावी सरपंच (हे छापत नाहीत, पण नावाभोवतीच्या नक्षीवरून समजतं). देव प्रत्येकाचा वेगळा, चेअरमन मात्र गावात एकच.

ही नुसती हौस आहे असं कुणी म्हणेल. हौस आहेच, पण हौसेला हिशेब चिकटलेला आहे. पीककर्ज सोसायटीतून येतं. ऊसतोडीची टोळी आपल्या रानात कधी उतरणार हे कागदावर नोंदीच्या तारखेनं ठरतं, आणि प्रत्यक्षात कुणीतरी फोन केल्यावर ठरतं. तुरा आलेला ऊस रानात उभा राहिला की वजन घटतं, माणूस रोज बांधावर जाऊन ते बघत बसतो. असा फोन करणाऱ्या माणसाचं नाव आपल्या पोरीच्या पत्रिकेत घालणं म्हणजे हा आपला आहे असं चारचौघांत सांगणं. तो लग्नाला आला, म्हणजे त्यानंही ते चारचौघांत कबूल केलं. मतदान पाच वर्षांनी एकदा होतं आणि ते गुप्त असतं. हे दर तिथीला होतं आणि स्पीकरवरून होतं.

मार्सेल मॉस नावाच्या फ्रेंच अभ्यासकानं साधारण शंभर वर्षांपूर्वी देवघेवीचा विचार करताना म्हटलं होतं की देणं, घेणं आणि परत करणं ही तिन्ही बंधनंच असतात. आमच्या आजीला हे मॉसशिवाय ठाऊक होतं. तिच्याकडं आहेराची वही होती. कुणी लुगडं नेसवलं, कुणी टॉवेल-टोपी केली, कुणी नुसता नारळ दिला, सगळं त्यात. समोरच्याच्या घरी कार्य निघालं की वही उघडायची. आता पत्रिकेच्या तळाशी छापतात, 'कृपया आहेर आणू नयेत, आपली उपस्थिती हाच आमचा आहेर.' लोकांना वाटतं आहेर बंद झाला. बंद कुठला? फक्त हजेरीत मोजायला लागलो. साहेब आपल्या मांडवात पाच मिनिटं उभे राहिले, त्यांच्या सभेला आपण तीन तास बसायचं. वही आता साहेबांच्या पीएकडं असते. दाट तिथीला एका दिवसात कुठल्या कुठल्या गावाला जायचं, कुठं नुसत्या अक्षता, कुठं जेवण, कुठं सांत्वनाची भेटही उरकायची, हे सगळं तो सांभाळतो. साहेब निवडून येतात ते या पीएच्या स्मरणशक्तीवर, असं माझं मत आहे.

साठच्या दशकात अँथनी कार्टर हा अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ फलटण तालुक्यात येऊन राहिला होता. इथलं राजकारण कसं चालतं याचा त्यानं बारकाईनं अभ्यास केला आणि १९७४ मध्ये तो पुस्तकरूपानं आला. नेता आणि त्याच्यामागून चालणारी माणसं यांच्यातली जुळवाजुळव, नेत्या-नेत्यांची आपसातली जुळवाजुळव, त्यात घराण्यांचं आणि सोयरिकीचं वजन, असा तो विषय. इतक्या लांबून येऊन हा माणूस जे शोधत होता ते आपल्याकडं लोक छापून घरोघर वाटतात, वर अक्षताही देतात, याचं मला हसू येतं.

सोयरिकीचं तर विचारूच नका. इरावती कर्व्यांनी नातेव्यवस्थेचा अभ्यास करताना महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्यामधला पट्टा मानलं. उत्तरेत मामाची मुलगी बहिणीसारखी, आपल्याकडं तिच्यावर पहिला हक्क सांगायची चाल. म्हणून पत्रिकेत मामाला अजून मान आहे. दोन घराणी दोन-तीन पिढ्या एकमेकांना मुली देत राहिली की पक्ष बदलला तरी पाव्हणं बदलत नाहीत. गावात भावकी दोन पॅनेलांत फुटलेली असते, चुलतभाऊ चुलतभावाविरुद्ध उभा असतो, आणि दोघांचा सासरा एकाच गावचा निघतो. मग मतमोजणीच्या दिवशी सासऱ्यानं कुणाकडं जेवायचं हा पेच. २०२४ च्या जानेवारीत मराठ्यांच्या कुणबी दाखल्यांसाठी सरकारनं काढलेल्या अधिसूचनेच्या मसुद्यात 'सगेसोयरे' कुणाला म्हणायचं याची व्याख्या आली, तेव्हा मुंबईत मोठी चर्चा झाली. इकडं लोक शांतपणे ट्रंका उघडून जुने दाखले शोधायला लागले. सोयरा कोण हे त्यांना पाठ होतं, प्रश्न फक्त कागदाचा होता.

लग्नाच्या मांडवातूनच सत्ता जाते, हे या भागात फार आधी ओळखलं गेलं होतं. जोतीराव फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. १८७३ मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज काढला आणि लगेच हात घातला तो लग्नविधीला. भटजीशिवाय लग्न, वधूवरांनी एकमेकांना मराठीत वचन देऊन. साताऱ्याच्या खेड्यांतून ही चळवळ पुढं चांगली रुजली. त्यानंतर १९४३ ते ४६ या काळात साताऱ्याचं प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांच्या राज्यात लोकांनी चालवलेलं आपलं सरकार. सांगली जिल्हा तेव्हा नव्हताच. दक्षिण सातारा वेगळा झाला तो १९४९ मध्ये आणि त्याचं नाव सांगली पडलं १९६० मध्ये. क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांचे कार्यकर्ते एकीकडं इंग्रजांशी झुंजत होते, न्यायदान मंडळं चालवत होते, आणि दुसरीकडं गांधी लग्नं लावत होते. हुंडा नाही, वाजंत्री नाही, कर्ज काढून जेवणावळी नाहीत. पोलीस मागावर असताना माणसं लग्नाच्या खर्चाचा विचार करत होती. मला त्याचं राहून राहून अप्रूप वाटतं.

आणि एक शंकाही येते. त्या लग्नांत मानपान गेला आणि पुढाऱ्याचं भाषण आलं. भाषणाला तेव्हा कारण होतं, लग्न हीच सभा होती. नंतर मानपान दुप्पट होऊन परत आला, आणि भाषण काही गेलं नाही. आज मंगलाष्टकांच्या आधी 'वधूवरांना आशीर्वादपर दोन शब्द' होतात तेव्हा मुहूर्त टळून गेलेला असतो, पोरं रडत असतात, आणि दोन शब्दांत तालुक्याची पाणीयोजना येऊन जाते.

बायकांचं पत्रिकेतलं स्थान हा वेगळाच प्रकार. २०११ पासून राज्यातल्या स्थानिक संस्थांमध्ये निम्म्या जागा बायकांना आहेत. सरपंच बाई असते, पत्रिकेत आधी तिच्या नवऱ्याचं नाव येतं, 'सरपंच पती' असंही येतं, मग सौ. सरपंच. माझं नाव माहेरच्या पत्रिकेत आमच्या ह्यांच्या नावाला चिकटून येतं, ते एकदाही प्रूफ बघायला आले नसले तरी.

गेल्या वर्षी माझ्या भाचीचं लग्न निघालं. माहेर वाळवा तालुक्यातलं. मजकूर लिहायला अर्थातच आबा, म्हणजे आमचे थोरले चुलते. २०२२ आणि २०२३ मध्ये राज्यातले दोन पक्ष फुटले त्याचा खरा ताप कुणाला झाला असेल तर तो आबांसारख्यांना. आधी एका पक्षाची माणसं एका ओळीत बसायची. आता तीच माणसं दोन गटांत. एकाला वर घातलं की दुसरा रुसणार, आणि दोघांकडंही आमची कामं.

मी म्हटलं, "आबा, आडनावाच्या अक्षरांनी लावा की."

"तू गप गं," आबा म्हणाले, "शाळेची हजेरी हाय का ती?"

प्रेसवाला अनुभवी माणूस. त्यानं तिसऱ्या प्रुफाला सुचवलं, गावोगावचे तात्या-अण्णा सगळे हल्ली असंच करतात म्हणून. पत्रिका दोन काढायच्या. देव, मामा, 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' हे सगळं तेच ठेवायचं, फक्त चौकटीतली नावं खाली-वर. ज्याची त्याला द्यायची. तळाला 'नजरचुकीने कोणास निमंत्रण राहिल्यास हेच निमंत्रण समजावे' आहेच. आबांनी दोन्ही गठ्ठ्यांवर पेनानं खुणा केल्या. पहिली पत्रिका देवाला ठेवली, तीही कुठली ठेवायची यावर थोडा विचार झाला. मग भावकीला चूलबंद आवतान (म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायचीच नाही, सगळ्यांनी यायचं), मग गावाला.

इथवर ठीक होतं. भाच्यानं हौसेनं दोन्ही पत्रिकांचे फोटो काढले आणि भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले. दोन्ही, एकाखाली एक. कुणी काही बोललं नाही, नुसते अंगठे आले, आणि ते जास्त वाईट. आबांनी लग्नापर्यंत नीट जेवण घेतलं नाही.

लग्नाला दोन्ही गट आले. दोघांनाही एकाच रंगाचे फेटे बांधले, निवेदकाला दोघांचं स्वागत एकाच दमात करायला सांगितलं होतं. अक्षता पडल्या. जेवणाच्या पंगतीत आबा धीर करून दुसऱ्या गटाच्या चेअरमनांच्या पानाशी गेले, जिलेबीचा आग्रह करता करता म्हणाले, "चेअरमन, ते पत्रिकेचं जरा पोरानं..."

चेअरमननी जिलेबी मोडली. "आबा, दोनच छापल्या व्हय? आमच्या पोराच्या येळंला आमी तीन काढल्या हुत्या."