१९९५ ची जीप, १९९३ चं इंजिन आणि ६५ चा आकडा

फेब्रुवारीत तुरीचे कट्टे घेऊन समुद्रपूरला निघालो होतो. गिरड रोडवर तिसरा गिअर टाकला आणि खालून कोणी घण मारावा तसा आवाज आला. लगेच दुसरा. उतरून पाहिलं तर डांबरावर काळ्या तेलाची धार आणि ब्लॉकच्या बाजूला भोक, दोन बोटं आत जातील एवढं. कनेक्टिंग रॉड तुटून बाहेर आला होता. हे इंजिन संपलं, हे तिथंच कळलं.

गाडी महिंद्रा एमएम ५४०, १९९५ ची, नंबर एमएच ३२ चा. बाबांनी कापसाच्या पैशातून घेतली. तेव्हा सरकारची एकाधिकार खरेदी होती, कापूस संकलन केंद्रावर घातला की चुकाऱ्याची, म्हणजे पैशांची, वाट पाहायची. त्या वर्षीच्या चुकाऱ्यावर ही जीप दारात आली. बाबा गेले, जीप राहिली. पण मी ती केवळ आठवण म्हणून ठेवलेली नाही. आमचं वावर डांबरी रस्त्यापासून दीड किलोमीटर आत आहे, सगळी काळी माती. श्रावणात पांदणीनं बैलबंडीसुद्धा आखापर्यंत रुतते. फवारणीचे पंप, खताची पोती, मजूर बाया, सगळं हीच जीप चारही चाकं लावून नेते. आणि आईला दम्यासाठी सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यायचं असलं की हीच.

आमच्या मिस्त्री चाचांनी वाकून भोक पाहिलं आणि दोनच मिनिटांत उपाय सांगितला.

"डीआय इंजिन टाकून देतो भाऊ. जुनं हाय, पन ट्रॅक्टरच्या खानदानातलं हाय, मरत नाई. पस्तीस हजार. हप्त्याभरात गाडी वावरात."

"अन् कागद, चाचा?"

"खेड्यात कोन पाह्यते कागद?"

चाचा खोटं बोलत नव्हते. आमच्या आसपासच्या गावांत अशा चार जिपा मला माहीत आहेत, ज्यांच्या आरसीवर एक इंजिन आणि बॉनेटखाली दुसरंच. त्या चालतात, भार ओढतात, मालक खूश आहेत. पण त्यातली एक रोज संध्याकाळी आमच्या घरासमोरून जाते. ती चढावर जोर घेते तेव्हा आई पदर नाकाला लावते आणि आत जाऊन दार लोटते. तिथंच माझा निर्णय झाला होता. उरलेलं सगळं नंतर शोधलं.

शोधलं ते असं. माझ्या जीपमध्ये मूळचं एक्सडीपी ४.९० इंजिन, प्युजोच्या घराण्यातलं, २११२ सीसी. यात डिझेल आधी हेडमधल्या छोट्या कप्प्यात पेटतं आणि तिथून सिलिंडरमध्ये येतं, म्हणून सकाळी हीटर प्लग तापवावे लागतात. चाचांचं डीआय २५२३ सीसीचं, त्यात डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावरच्या खळग्यात पडतं. पंप-नोझल जागेवर असेल तर डीआयही स्वच्छ चालतं, त्या इंजिनाला मी नावं ठेवणार नाही. पण ते वेगळ्या प्रकारचं इंजिन आहे, आणि कायद्याची खरी अडचण तिथं आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं जे दिलं आणि आरसीत जे लिहिलं, त्याच्याशी न जुळणारा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच बजावलं. इंजिन बदलता येतं, पण त्याच मेकचं, त्याच प्रकारचं, आणि आरटीओची मंजुरी घेऊन. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मला मात्र दंडापेक्षा विम्याची जास्त काळजी होती. मागच्या फळ्यांवर आठ बाया बसलेल्या असताना अपघात झाला आणि विमावाल्यानं इंजिन नंबर पाहिला, तर मी कोणत्या तोंडानं त्यांच्या घरी जाणार?

म्हणून एक्सडीपीच शोधायचं ठरलं. महिनाभर फोन केले. शेवटी वणीकडच्या एका कास्तकाराची भंगारात निघालेली जीप सापडली, १९९३ ची. टप गंजून गेला होता, पण इंजिन झाकून ठेवलेलं. त्यानं आरसी रीतसर रद्द करून घेतली होती, त्याचा कागद होता, तो बिल आणि प्रतिज्ञापत्र द्यायलाही तयार होता. बेचाळीस हजार. सात हजार जास्त गेले, पण मी त्या कागदांचेच पैसे दिले असं समजतो.

इंजिन माझ्या गाडीपेक्षा दोन वर्षं जुनं, ही शंका मलाही होती. पण डिझेल गाड्यांच्या धुराचे पहिले मोठे नियम आपल्याकडे १९९२ चे आणि त्यानंतरचे कडक नियम १९९६ चे. माझी जीप आणि हे इंजिन, दोन्ही त्या मधल्या काळातले. भारत स्टेज (बीएस) या धुराच्या नियमांची भानगड २००० सालापासूनची, ती दोघांनाही लागत नाही. इंजिन १९८८ चं असतं तर मी घेतलं नसतं.

एक गोष्ट मी बरोबर क्रमानं केली. इंजिन शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर ठेवलं आणि आधी मंजुरीचा अर्ज केला, बसवलं नंतर. मंजुरीला एप्रिल उजाडला. त्या दिवसांत रोज संध्याकाळी मी त्या इंजिनाजवळ बसायचो. ब्लॉकच्या अंगावर जिथं नंबर कोरलेला असतो तिथं तेल, धूळ आणि गंज यांचा बोटभर थर होता. रॉकेल लावलेली चिंधी, मग तारेचा ब्रश, मग झिरो नंबरचा पॉलिश पेपर. तिसऱ्या दिवशी एक आकडा दिसला, नंतर हळूहळू सगळे. शेवटचा आकडा तीन की आठ, हे कळेना. पोरानं मोबाइलची बॅटरी आडवी धरली, सावली पडली आणि तो तीन निघाला. बिलावरही तीनच होता. इंजिन बसल्यावर आरटीओच्या साहेबांनी कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासली आणि तोच नंबर पांढरा उमटला, तेव्हा ते म्हणाले, "इतका साफ ठसा जुन्या गाडीचा येत नाही." मला बरं वाटलं.

पण त्याआधी नवतपा आणि पीयूसी. मे महिन्याच्या शेवटी, बाहेर उभं राहवत नाही अशा उन्हात, हिंगणघाटला गेलो. एकानं रस्त्यातच थांबवून गाडी न तपासता पीयूसी काढून देतो म्हटलं. मी पुढं गेलो. खऱ्या केंद्रावर आधी इंजिन तापू देतात, मग सायलेन्सरच्या तोंडात नळी घालतात आणि न्यूट्रलमध्ये अॅक्सिलरेटर एकदम तळापर्यंत दाबायला लावतात. असं अनेकदा. धुरातून उजेड किती अडतो ते मशीन मोजतं. माझ्या वर्षाच्या डिझेल गाडीला ६५ हार्ट्रिज युनिटची (धुराच्या दाटपणाचं माप) मर्यादा आहे, बीएस चारच्या गाड्यांना ५०. माझा आकडा आला ७८.

घरी येताना कोणाशी बोललो नाही. इतके पैसे, इतके कागद, आणि धूर त्या समोरून जाणाऱ्या जिपेसारखाच.

दुसऱ्या दिवशी चाचांनी एअर फिल्टर उघडला. ऑइल बाथचा फिल्टर, खालच्या वाटीत तेल असतं. त्यात सरकीच्या तंतूंचा आणि मातीचा असा गाळ होता की चमच्यानं काढावा लागला. हवाच जात नव्हती, तर डिझेल जळणार कसं? मग चारही नोझल काढून टेस्टरवर लावले. हे मी पहिल्यांदा जवळून पाहिलं. चाचा दांडा दाबत, आणि चांगल्या नोझलमधून बारीक धुक्यासारखा फवारा निघे, आवाजही चर्रर्र असा सुटा. तीन नोझल तसे. चौथ्यातून फवाऱ्याऐवजी धार आली आणि मग टोकावर एक थेंब लोंबत राहिला. पडेना, सुकेना.

"हा थेंब पाह्यला का भाऊ? हाच तुमचा धूर."

पंपही काढून पंपवाल्याकडे नेला. डिझेलच्या स्क्रूचं सील आधीच्या कोणीतरी तोडून माप वाढवलेलं निघालं. ट्रॉली ओढायला केलं असणार. त्यानं बेंचवर माप बसवून नवं सील मारलं. टॅपेट, टायमिंग चाचांनी केलं. गाडीचा जोर थोडा कमी झाला, हे खरं. चौथ्या गिअरवर जो चढ जायचा तो आता तिसऱ्यावर जातो. मला चालतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा नळी लागली. ४९. पोरगा मशीनच्या पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला, "बाबा, आपण तं नव्या गाडीतही पास!" मी त्याला मशीनचा कागद घडी घालून खिशात ठेवायला दिला.

वर्ध्याला आरसीचं नूतनीकरण त्याच महिन्यात झालं, पुढच्या पाच वर्षांसाठी. पाच हजार शुल्क, शिवाय पर्यावरण कर. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या अशा गाड्यांचं शुल्क दहा हजार झालं, तेव्हा ज्यांचं काम बाकी आहे त्यांनी ती तयारी ठेवावी. आणि इंजिन बदलायचं असेल तर जुन्या गाडीच्या आरसी रद्द झाल्याचा कागद हाती पडल्याशिवाय एक रुपयाही इसार देऊ नका. स्वस्त इंजिनं बहुतेक त्या कागदाशिवायच मिळतात.

आई परवा सेवाग्रामहून येताना मागं बसली होती. जाम गावच्या चौकात सिग्नलसारखी गर्दी होती, दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून उभे होतो. आरशात पाहिलं, पदर खांद्यावरच होता.

जुन्या गाडीची पीयूसी सहाच महिने चालते, म्हणजे डिसेंबरात पुन्हा हिंगणघाट. वेचणी सुरू झाली आहे आणि फिल्टरच्या वाटीत आत्ताच पांढरे तंतू दिसायला लागलेत. रविवारी तेल बदलायचं आहे.