तुम्ही विचारलंत म्हणून: फोर्ज्ड क्रँकच का?

‘कास्ट क्रँक चालला असता, मग ४३४० फोर्ज्ड कशाला? आणि एवढा खर्च केलाच, तर बिलेट का नाही?’ शेव्हरोलेटच्या ३५० घन इंचांच्या इंजिनाचं ३८३ करायला घेतलं तेव्हापासून या दोनपैकी एक प्रश्न ठरलेला. (क्रँक म्हणजे पिस्टनची वर-खाली हालचाल फिरण्यात बदलणारा दांडा. कास्ट म्हणजे ओतीव, फोर्ज्ड म्हणजे दाबून-ठोकून घडवलेला, बिलेट म्हणजे पोलादाच्या अखंड ठोकळ्यातून कोरून काढलेला. ४३४० हा एका मिश्र पोलादाचा नंबर.) माझं उत्तर पूर्ण व्हायच्या आत ‘आधीच्या इंजिनाचा तुटला ना, म्हणून धास्ती घेतली असणार’ हेही ठरलेलं.

आधीचा क्रँक कास्ट होता म्हणून तुटला नाही. हे मी किती वेळा सांगितलंय!

ते इंजिन वेगळं होतं. जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे क्रँकचे गोल भाग, झिजले म्हणून क्रँक ग्राइंड करून अंडरसाइझ (कमी झालेल्या व्यासाच्या) बेअरिंगवर बसवलेला. तेलाचा दाब ठीक होता, खडखड नव्हती. वरच्या आरपीएमला एक बारीक थरथर तेवढी पायाला जाणवायची. मग एकदा पूर्ण जोरात असताना धाडकन आवाज झाला आणि सगळं जाम. ऑइल पॅन काढलं तर पिस्टनचा रॉड जिथे जोडतो अशा एका रॉड जर्नलपाशी क्रँकचे दोन तुकडे. तुटलेला भाग धुऊन उजेडात धरला. एका कडेला गुळगुळीत पट्टा, त्यावर शिंपल्यावर असतात तशा फिकट कमानी, एकामागे एक. बाकीचा भाग दाणेदार, खरबरीत. तो शेवटच्या झटक्यात गेलेला. म्हणजे भेग बरेच दिवस आत सरकत होती आणि इंजिन मुकाट चालत होतं. सगळ्या कमानी एकाच जागेहून निघालेल्या: जर्नल संपून वेब (जर्नलांना जोडणारा आडवा भाग) सुरू होतो तो कोपरा. तिथे फिलेटची गोलाई हवी. ग्राइंडिंग करताना ती इतकी कमी केली होती की नख अडकत होतं. वाकण्याचा आणि पिळाचा ताण नेमका तिथेच साठतो. ज्याने ग्राइंड केला तो म्हणाला, ‘कास्ट आहे हो, कधीतरी जाणारच.’ या वाक्याचा राग अजून गेलेला नाही.

मग तुम्ही म्हणणार, दोष गोलाईचा होता तर नवा कास्टच का नाही घेतला? रास्त प्रश्न आहे. मोजक्या ताकदीच्या, रस्त्यावरच्या इंजिनाला चांगला कास्ट क्रँक पुरतो, हे मी कधीच नाकारलं नाही. पण इथे स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ३.४८ इंचांवरून ३.७५ वर गेला. ६५०० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १९ मीटरवरून साडेवीसच्या वर जातो. शिवाय पिस्टन-रॉडच्या जडत्वाचा भार आरपीएमच्या वर्गाने वाढतो. सहा हजारांवरून सात हजारांवर गेलात की ३६ टक्के जास्त. ही आकडेमोड करून फोर्ज्ड घेतलाय, धास्तीने नाही.

‘४३४० घ्या, तो पिळला जात नाही,’ असं मीच पूर्वी छातीठोकपणे सांगायचो. त्या माणसाशी माझं आज पटत नाही. साधं पोलाद घ्या नाहीतर ४३४०, ताठपणा जवळपास तोच. पिळाची कंपनं आवरायला डॅम्परच लागतो. पण तोच माणूस उलट विचारतो, ‘थकवा सोसायची ताकद तरी जास्त आहे ना?’ आहे, हीट ट्रीटमेंट नीट झाली असेल तर. आणि ती झाली की नाही हे क्रँकवर कोरलेल्या आकड्यावरून कळत नाही. म्हणून मी आधी फिलेटची त्रिज्या विचारली, मग नायट्रायडिंग (नायट्रोजनने पृष्ठभाग कडक करणं), धातूचा नंबर शेवटी.

त्रिज्या ०.१२५ इंच मिळाली. तिचीही किंमत असते. साध्या बेअरिंगची कड त्या गोलाईवर चढते, म्हणून कडा तासलेली बेअरिंग घ्यावी लागली. प्रत्येक जर्नल मायक्रोमीटरने मोजला: टेपर, गोलपणा, सगळं. पिस्टन, रॉड, बेअरिंग यांची वजनं घेऊन बॅलन्सिंग वेगळं. रॉडचे बोल्ट घासू नयेत म्हणून ब्लॉकला खाली खाचा पाडल्या, कॅमशी (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याशी) अंतर तपासलं. ‘क्रँक कुठला?’ असं विचारणारे यातलं एकही विचारत नाहीत.

बिलेटबद्दल थोडक्यात: फोर्जिंगचे साचे नसलेला स्ट्रोक किंवा वेगळी काउंटरवेट (क्रँकचा तोल साधणारी वजनं) हवी असती तर घेतला असता. ३.७५ चा फोर्ज्ड सहज मिळतो.

स्ट्रोक मुळात वाढवायलाच हवा होता का, हे मात्र माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही. ३.४८ वरच चांगला फोर्ज्ड क्रँक टाकला असता तर इंजिन जास्त मोकळं फिरलं असतं, असं काही जाणकार म्हणतात आणि मला ते खोडता येत नाही. खालच्या आरपीएमला मिळणारा टॉर्क मला हवा होता, तो मिळाला. इंजिन पुन्हा खुलेल तेव्हा फिलेटची मॅग्नेटिक तपासणी होईल. तिथे केसाएवढी रेघ दिसली तर हा ४३४० सुद्धा बाहेर जाईल.