रात्रीचं फुटेज लख्ख, मग चेहरा कुठे गेला?

चोरी झाल्यावर सीसीटीव्हीचं फुटेज काढलं की बहुतेकदा एकच चित्र दिसतं. अंगण स्वच्छ, गाडी स्वच्छ, आणि फाटकातून आत आलेल्या माणसाच्या तोंडाच्या जागी पांढरट डाग. मग लोक जास्त मेगापिक्सेलचा कॅमेरा आणतात. आमचं मत: आधी शटर बघा, म्हणजे एक फ्रेम टिपताना कॅमेरा किती वेळ उजेड आत घेतो ते.

अंधार पडला की ऑटो मोडमधला कॅमेरा चित्र उजळ ठेवायला शटर जमेल तितकं उघडं ठेवतो; 1/25 सेकंद, काही कॅमेऱ्यांत 1/12 सुद्धा. साध्या चालीने माणूस सेकंदाला साधारण 1.4 मीटर जातो. म्हणजे 1/25 मध्ये तो साडेपाच सेंटिमीटर सरकला. चेहरा जेमतेम 15-16 सेंटिमीटर रुंद, त्याचा तिसरा हिस्सा फरफटला तर ओळख कसली पटणार? एक्स्पोजरच्या सेटिंगमध्ये जाऊन शटर 1/100 वर ठेवा, फरफट दीड सेंटिमीटरच्या आत येते. आपली वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे 1/100 ला दिव्याच्या लुकलुकण्याचे पट्टेही सहसा उमटत नाहीत.

चित्र काळवंडेल, हे खरं. ती तूट गेन (सेन्सरचा सिग्नल फुगवून चित्र उजळ करणं) वाढवून भरू नका. गेनमुळे दाणे येतात, ते दाणे डीव्हीआरला (रेकॉर्डिंग करणाऱ्या पेटीला) हालचाल वाटतात आणि बिटरेट, म्हणजे सेकंदाला साठवायचा डेटा, त्यांच्यातच खर्च होतो. दाणे पुसणारं नॉइज रिडक्शन शेवटच्या टोकाला नेलं, तर चालणाऱ्या माणसामागे भुतासारखी सावली ओढली जाते. तूट उजेडानेच भरायची. फाटकाच्या आतल्या बाजूला, कॅमेऱ्यापासून दोन-तीन मीटर बाजूला 10 वॅटचा एलईडी लावा. उजेड आत येणाऱ्याच्या तोंडावर पडला पाहिजे. फाटकाच्या खांबावरचा शोभेचा दिवा नेमका उलटं करतो, माणसाची काळी आकृती बनवतो.

आता मेगापिक्सेल. सेन्सर (चित्र टिपणारी चिप) तेवढाच ठेवून 2 चे 8 मेगापिक्सेल केले, तर प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला चौथा हिस्सा उजेड येतो. त्यापेक्षा लेन्सचा एफ आकडा बघा, तो जितका लहान तितका उजेड जास्त; एफ 2.0 च्या चौपट उजेड एफ 1.0 आत घेते. डेटाशीटवरच्या 0.005 लक्ससारख्या (इतक्या कमी उजेडातही दिसतं, अशा) आकड्यांवर फार विसंबू नका, ते बहुधा गेन चढवून आणि शटर रेंगाळवून काढलेले असतात.

रात्री दिसावं म्हणून कॅमेऱ्यातच बसवलेल्या इन्फ्रारेड दिव्यांचा त्रास बहुधा जागेमुळे होतो. कॅमेरा वळचणीला किंवा पांढऱ्या भिंतीला खेटून असेल, तर जवळच्या पृष्ठभागावरून किरण परततात, कॅमेऱ्याला सगळं उजळ वाटतं आणि तो दूरचा भाग अंधारात टाकतो. डोम कॅमेऱ्यात लेन्सभोवतीची फोमची रिंग काचेला नीट टेकली नसेल, तरी रात्री धुकं पडल्यासारखं दिसतं. काच बोटाने पुसली असेल तरी तेच. आणि कोळी! किरणांवर किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि लेन्ससमोरचा एकच धागा रात्रभर मोबाइलवर सूचना पाठवत राहतो. पावसाळ्यात आठवड्याला एकदा लांब दांड्याचा मऊ ब्रश फिरवा. 940 नॅनोमीटरचे इन्फ्रारेड एलईडी लाल चमकत नाहीत, पण सेन्सरला ती तरंगलांबी कमी दिसते, त्यामुळे पल्ला 850 नॅनोमीटरवाल्यांपेक्षा बराच घटतो.

दिवसा ठणठणीत आणि रात्री सारखा बंद-चालू होणारा कॅमेरा दुरुस्तीला पाठवण्याआधी मल्टिमीटर घ्या. इन्फ्रारेड लागले की करंट वाढतो. अर्धा मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेला मीटरमागे सुमारे 0.085 ओहम रोध. 60 मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन 120 मीटर, साधारण 10 ओहम. अर्धा अँपिअर ओढला की 5 व्होल्ट वाटेतच संपले. 12 निघाले, 7 पोहोचले. स्वस्त वायरमध्ये तांब्याचा नुसता मुलामा असतो, तिथे घट आणखी. मोजमाप कॅमेऱ्याच्या टोकाला घ्या. त्यासाठी रात्रीपर्यंत थांबायला नको, डे-नाइट मोड 'नाइट' वर टाकला की दिवसाही एलईडी लागतात. आकडा 10.8 च्या खाली दिसला, तर अ‍ॅडॉप्टर कॅमेऱ्याजवळ न्या किंवा जाड वायर टाका. आयपी (नेटवर्कवर चालणारा) कॅमेरा असेल तर पीओई, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच वीज. 48 व्होल्टच्या आसपास वीज जाते, त्यामुळे 100 मीटरपर्यंत अडत नाही.

शेवटची तपासणी रात्रीच होते. कुणालातरी नेहमीच्या चालीने फाटकातून आत यायला सांगा, मग लाइव्ह न बघता रेकॉर्डिंग मेन स्ट्रीममधून (पूर्ण दर्जाच्या चित्रातून) उघडून एक फ्रेम थांबवा. मोबाइलवर बहुधा सबस्ट्रीम (कमी दर्जाचं हलकं चित्र) दिसतो, त्यावरून काहीच ठरत नाही.