कॅम्परच्या एक्झॉस्ट ब्रेकचे सेटिंग: पसरणी घाटातील नोंदी

साताऱ्यात एका जुन्या बीएस-३ (धुराच्या प्रदूषणाचे जुने मानक) मिडी बसच्या चॅसिसवर बांधलेली आमची कॅम्पर, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, पाणी, बॅटऱ्या, लाकूडकाम आणि माणसे धरून वजनकाट्यावर साडेसहा टनांच्या आसपास भरते. इंजिन ३.८ लिटरचे, चार सिलिंडरचे टर्बो डिझेल आहे, गिअरबॉक्स पाच गिअरचा मॅन्युअल आहे, ब्रेक हवेचे आहेत आणि एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनाच्या धुराची वाट झडपेने अडवून गाडी रोखणारा ब्रेक, चॅसिसबरोबर मूळचाच आलेला आहे. बॉडीचे काम संपल्यानंतर या हिवाळ्यात मी फक्त एक्झॉस्ट ब्रेक हाती घेतला, कारण साताऱ्याहून कुठेही निघाले तरी घाट चुकत नाही: कासला जायचे तर यवतेश्वर, महाबळेश्वरला वाईमार्गे पसरणी किंवा मेढ्यामार्गे केळघर, आणि कोकणात उतरायचे तर आंबेनळी किंवा कुंभार्ली. डिझेल मोटरहोम बाळगणाऱ्यांच्या चर्चेत एक्झॉस्ट ब्रेक “किती जोरात पकडतो” हा प्रश्न वारंवार येतो. माझ्या नोंदींवरून मला असे दिसते की पकड झडपेत कमी आणि गिअरमध्ये जास्त ठरते, म्हणून पुढील मजकुरात झडपेचे काम सांगून झाल्यावर बराचसा भाग गिअर आणि आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) यांच्याविषयी आहे.

आधी घाटाचा हिशेब मांडतो. वाईपेक्षा पाचगणी सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे आणि दोन्हींमधले अंतर बारा किलोमीटरच्या आसपास आहे. साडेसहा टनांची गाडी एवढ्या उंचीवरून खाली येते तेव्हा सुमारे ३५ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी खर्ची पडावी लागते. शंभर लिटर पाणी वीस अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला जवळपास तेवढीच उष्णता लागते. टायरचे घर्षण आणि हवेचा रोध यांत त्यातील सुमारे पाचवा हिस्सा जातो असे धरले, तरी उरलेली सत्तावीस-अठ्ठावीस मेगाज्यूल ऊर्जा एकतर ब्रेकचे ड्रम आणि त्यांवर आतून घासणारे लायनर यांनी घ्यायची असते किंवा इंजिनाने. ताशी २५ किलोमीटरच्या सरासरीने उतरल्यास ही सुमारे सोळा किलोवॉटची अखंड अर्ध्या तासाची गरज होते. ड्रमला इतका वेळ थंड व्हायला उसंत मिळत नाही, लायनर तापून त्याची पकड कमी होते, ड्रम उष्णतेने फुगून लायनरपासून दूर सरतो आणि तेवढ्याच पकडीसाठी पॅडल अधिक दाबावे लागते. यालाच आपण ब्रेक फेड म्हणतो, आणि तो नेमका घाटाच्या शेवटच्या वळणांवर येतो, जिथे वाईकडची रहदारी दाटते.

झडपेची रचना साधी आहे. टर्बोच्या पुढे एक्झॉस्टच्या नळीत एक गोल पाते असते. हवेचा छोटा सिलिंडर लिव्हरने ते आडवे करतो, वायूची वाट अडते, आणि प्रत्येक एक्झॉस्ट स्ट्रोकला पिस्टनला त्या कोंडलेल्या दाबाविरुद्ध काम करावे लागते. जुन्या पद्धतीच्या डिझेल पंपाच्या गाड्यांमध्ये तीच हवा दुसऱ्या एका छोट्या सिलिंडरला जाऊन पंपाचा स्टॉप लिव्हरही ओढते, म्हणजे पाते बंद असताना डिझेल पूर्ण तुटते. आमच्या गाडीत अशीच जोडणी आहे आणि ती दोन्ही कामे एकाच क्षणी होतात की नाही हे पाहणे मला सर्वांत आधी आवश्यक वाटले. पाते आधी बंद झाले आणि डिझेल मागाहून तुटले, तर मधल्या क्षणात काळा धूर आत कोंडतो आणि काजळी थेट पात्याच्या दांडीवर बसते.

नळी खोलली तेव्हा ती काजळी समोरच होती. पात्याच्या दांडीच्या दोन्ही बुशांभोवती काळा, खडबडीत, नखाने निघणार नाही असा थर जमलेला होता, आणि हाताने फिरवल्यावर दांडी अर्ध्या फेरीत किंचित अडखळून मग सुटत होती. एमआयडीसीतील ज्या मिस्त्रींकडे मी काम नेले, त्यांनी दांडी एकदा फिरवून पाहिली आणि म्हणाले, “साहेब, हे बंद व्हायला अडत नाही, उघडायला अडतंय. चढाला गाडी दमत असंल.” त्यांचे निदान अचूक होते. पाते पूर्ण न उघडता काही अंश आडवे राहिले की चढावर एक्झॉस्टचा मार्ग अरुंद राहतो, टर्बोचा दाब पुरेसा चढत नाही आणि इंजिन ओढ देत नाही. यवतेश्वरच्या चढावर जी सुस्ती मी टाक्यांच्या वजनाला लावत होतो, तिचा मोठा वाटा दांडी साफ करून परतीची स्प्रिंग बदलताच निघून गेला. एक्झॉस्ट ब्रेक तपासताना पाते सुटते कसे हेही पाहावे, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगेन.

पात्याची कड आणि नळीची भिंत यांच्यामध्ये मुद्दाम थोडी फट ठेवलेली असते, काही रचनांत पात्यालाच छोटे भोक असते. ही फट म्हणजेच कमाल दाबाची मर्यादा होय. लिव्हरचा स्टॉप बोल्ट फिरवून ती कमी करण्याचा मोह अनेकांना होतो, कारण फट जितकी कमी तितका कमी आरपीएमवरही दाब जास्त. परंतु या दाबाला इंजिनाने घातलेली सीमा असते: एका सिलिंडरने ढकललेला वायू शेजारच्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर मागून आदळतो, आणि तो दाब व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या ताकदीपेक्षा वाढला तर बंद असायला हवा तो व्हॉल्व्ह नको त्या वेळी उचलला जातो. अमेरिकेतील मोटरहोम आणि पिकअपमध्ये प्रसिद्ध असलेल्या कमिन्सच्या ५.९ लिटर इंजिनाच्या जुन्या बारा-व्हॉल्व्ह आवृत्तीवर जोरकस एक्झॉस्ट ब्रेक बसवताना अधिक ताठ व्हॉल्व्ह स्प्रिंग घालतात, त्याचे कारण हेच आहे. तिकडे काही झडपांत दाब ठरावीक मर्यादेला पोचला की स्वतःच थोडा मार्ग देणारी व्यवस्था असते, त्यामुळे कमी आरपीएमवरही चांगला दाब मिळतो आणि जास्त आरपीएमवर तो मर्यादेबाहेर जात नाही. आमच्या साध्या पात्याला ती सोय नाही, म्हणून फट कंपनीच्या मापावर फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) लावून स्टॉप बोल्टचे चेकनट आवळले आणि त्याला पुन्हा हात लावलेला नाही.

टर्बो आणि पाते यांच्यामधल्या नळीवर एक छोटा नट वेल्ड करून घेतला, त्यातून लोखंडी आणि पुढे तांब्याची वेटोळी घातलेली नळी केबिनपर्यंत आणली आणि तिला दाबाचे गेज जोडले. वेटोळ्यांमुळे उष्णता गेजपर्यंत पोचत नाही आणि काटाही कमी थरथरतो. पसरणी घाटात उतरताना आमच्या इंजिनावर १,२०० आरपीएमला साधारण एक बार (जवळपास वातावरणाच्या दाबाएवढा) आणि २,००० आरपीएमला दोन बारच्या जवळ दाब दिसतो. फरक दुपटीचा वाटेल, पण कामाचा हिशेब केला की तो याहून बराच मोठा निघतो. चार-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा पूर्ण ३.८ लिटर घनफळ त्या दाबाविरुद्ध रिकामे होते. म्हणजे १,२०० आरपीएमला एक बारवर झडपेमुळे मिळणारी शक्ती ३.८ किलोवॉट भरते आणि २,००० आरपीएमला दोन बारवर सुमारे १२.७ किलोवॉट. इंजिनाचे स्वतःचे घर्षण यात वेगळे मिळते आणि तेही आरपीएमबरोबर वाढते. वर काढलेली सोळा किलोवॉटची गरज त्यामुळे २,००० आरपीएमच्या आसपास इंजिन जवळपास एकट्याने पेलते, आणि १,२०० ला ती निम्मीही पेलत नाही. झडप तीच, फट तीच. बदलतो तो फक्त गिअर.

येथे आपल्याकडच्या एका जुन्या नियमाविषयी सविस्तर लिहितो. “ज्या गिअरला चढलास त्याच गिअरला उतर,” हे वाक्य एसटी आणि ट्रकच्या जुन्या चालकांकडून आपण सर्वांनी ऐकले आहे, आणि ज्या काळातील इंजिनांवर ते बेतलेले होते त्या काळात ते अगदी योग्य होते. टर्बो नसलेले इंजिन चढावर बेताचीच ताकद देई, त्यामुळे चालकाला आधीच खालच्या गिअरमध्ये यावे लागे आणि उतारावर तोच गिअर पुरेसा धरून ठेवी. टर्बोने चढण्याची ताकद खूप वाढवली, परंतु उतारावर डिझेल तुटलेले असते, टर्बो मंद झालेला असतो आणि इंजिनाची रोखण्याची ताकद त्याच्या लिटरांवर आणि आरपीएमवरच अवलंबून राहते. आमची कॅम्पर पसरणीच्या बऱ्याच भागात चौथ्या गिअरमध्ये चढते. त्याच चौथ्यात ती उतरवली तर घाटाला साजेशा वेगावर आरपीएम दीड हजारांच्याही खाली राहते आणि पाय ब्रेकवरून उचलता येत नाही. तिसऱ्यात ताशी तीस किलोमीटरला सुमारे २,००० आरपीएम मिळते, दुसऱ्यात तेवढेच आरपीएम ताशी वीसच्या आसपास. म्हणून टर्बो गाडीसाठी मी तो नियम असा वाचतो की ज्या गिअरला चढलात त्याच्या एक गिअर खाली उतरा, आणि तीव्र वळणांच्या टप्प्यात आणखी एक खाली.

हा गिअर घाटमाथ्यावरच, उतार सुरू होण्याआधी टाकायचा असतो. उतारावर वेग वाढल्यानंतर खालचा गिअर बसवताना क्लच दाबलेल्या त्या दोन-तीन सेकंदांत गाडीवर इंजिनाचा काहीच अंकुश नसतो आणि सिंक्रोमेशने (गिअर बसताना दातांचे वेग जुळवणाऱ्या भागाने) साथ दिली नाही तर गाडी न्यूट्रलमध्येच सुटते. अमेरिकेतील ऑलिसन ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या मोटरहोममध्ये हे काम यंत्रच करते: एक्झॉस्ट ब्रेकचे बटण दाबले की गिअरबॉक्स एक खालचा गिअर आधीच निवडतो आणि वेग कमी होईल तसतसा त्या दिशेने उतरत जातो. तो निवडलेला गिअर दुसरा असावा की चौथा, यावर तिकडचे मालक खूप विचार करतात आणि सर्व्हिस सेंटरमधून तो बदलूनही घेतात. आपल्या मॅन्युअल गाडीत तो निर्णय पाचगणीच्या टोकाला आपल्याच हाताने घ्यायचा असतो, इतकाच फरक आहे.

उतारावर न्यूट्रल टाकून डिझेल वाचवण्याच्या सवयीबद्दल येथेच स्पष्ट लिहितो. गिअरमध्ये, पाय उचललेला असताना आणि आरपीएम आयडलच्या (गाडी उभी असतानाच्या किमान फेऱ्यांच्या) वर असताना इंजिनात डिझेल जातच नाही. न्यूट्रलमध्ये मात्र आयडलपुरते जळत राहते. इंजिनच बंद केले तर कॉम्प्रेसर थांबतो, ब्रेकच्या प्रत्येक दाबाबरोबर टाकीतील हवा घटते आणि पॉवर स्टिअरिंगही जाते. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यातील नवले पुलावर ट्रकच्या अपघातात चाळीसहून अधिक वाहनांचे नुकसान झाले, तेव्हा प्राथमिक तपासातून चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याची माहिती पुढे आली होती. साताऱ्याहून पुण्याला जाणाऱ्या प्रत्येकाच्या वाटेवर तो उतार आहे.

स्विचची जोडणी सध्या अशी आहे: स्टिअरिंगखालचा हाताचा लिव्हर चालू केला तरी ॲक्सिलरेटर पूर्ण सुटलेला असेल आणि क्लच दाबलेला नसेल तेव्हाच सोलेनॉइडला (एक्झॉस्ट ब्रेकची हवा सोडणाऱ्या विजेच्या झडपेला) वीज जाते. ॲक्सिलरेटरचा मायक्रोस्विच पॅडलच्या शेवटच्या काही मिलिमीटरमध्येच दबेल असा सरकवून घेतला, कारण तो लवकर दबला तर अर्धा पाय असतानाच ब्रेक लागतो आणि प्रवाशांना झटका बसतो. मध्ये सुमारे एका सेकंदाचा विलंब देणारा रिले घातल्यापासून वळणात क्षणभर पाय उचलल्यावर होणारी फुसफूस थांबली आहे. पायाच्या ब्रेकबरोबर एक्झॉस्ट ब्रेक आपोआप लागावा, ही जोडणी मी जाणीवपूर्वक केलेली नाही. एक्झॉस्ट ब्रेक फक्त मागील चाकांवर काम करतो. पावसाळ्यात केळघरच्या ओल्या, चिखल आलेल्या वळणांवर मागील चाके अवचित रोखली गेली तर गाडीची शेपूट सरकते, आणि आमच्या गाडीला ते ओळखून एक्झॉस्ट ब्रेक सोडवणारे एबीएस नाही. पावसात लिव्हर बंद, गिअर मात्र तोच खालचा, अशी माझी पद्धत आहे.

परिणाम मोजण्यासाठी वाईत उतरल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही ड्रमचे तापमान घेतो. चौथ्या गिअरच्या उताराला पुढील ड्रम १८० अंशांच्या वर जात होते. माथ्यावरच तिसरा टाकून, तीव्र टप्प्यात दुसरा वापरून उतरल्यावर ते ९० ते १०० अंशांमध्ये राहतात आणि मागील त्याहून थोडे कमी. डाव्या मागील ड्रमचे तापमान उजव्यापेक्षा सातत्याने पंधरा-वीस अंश जास्त येते, त्याचा संबंध एक्झॉस्ट ब्रेकशी नसून त्या बाजूच्या स्लॅक ॲडजस्टरशी (लायनर आणि ड्रममधले अंतर राखणाऱ्या भागाशी) दिसतो आणि ते काम आता पुढे घेतले आहे.

ज्यांच्या गाड्या एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ आहेत, त्यांनी यातील फट, स्टॉप बोल्ट आणि रिलेचा भाग आपल्या गाडीला लावू नये. तिथे एक्झॉस्टमधील झडपा ईसीयूच्या (इंजिनाच्या संगणकाच्या) हुकमाने चालतात, धूर शुद्ध करणारी यंत्रणा त्याच नळीत असते आणि बदल कंपनीच्या स्कॅनरनेच करावा लागतो. गिअर आणि आरपीएमचा हिशेब मात्र त्यांनाही तसाच लागू आहे. स्लॅक ॲडजस्टर लावून झाला की पाण्याची टाकी पूर्ण भरून आंबेनळीने पोलादपूरपर्यंत उतरणार आहे. तो उतार पसरणीच्या दुपटीहून जास्त उंचीचा आहे, त्यामुळे ड्रमबरोबरच कूलंटच्या तापमानाची नोंदही दर काही किलोमीटरला थांबून घेईन आणि ते आकडे पुढील नोंदीत देईन.