पद्मिनी, भाग ९: सात महिने ज्याला व्हेपर लॉक म्हणत होतो

आधी सांगून टाकतो: माझी प्रीमियर पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट, आता बंद पडत नाही. परवाच्या रविवारी टाकी गळ्यापर्यंत भरून साताऱ्याच्या समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढलो, कासपर्यंत गेलो, परत आलो. बोनेट एकदाही उघडलं नाही. पाण्याची बाटली आणि फडकं डिकीत कोरडंच राहिलं. कारण सापडलं तेव्हा आधी हसू आलं, मग वहीतला खर्च आठवला आणि हसू जिरलं.

भाग ५ पासून जे वाचताय त्यांना रडगाणं पाठ असेल. १९८६ ची गाडी, वाईच्या वाड्यात अकरा वर्षं उभी होती. इंजिन खोललं, रिंगा बदलल्या, टॅपेट सेट केले, सोलेक्स कार्ब्युरेटरला किट टाकलं, फ्लोअरचा पत्रा तोडून नवा मारला. गाडी सुरू झाली, गल्लीत पेढे वाटले. आणि मग घाटात मध्येच ओढायची बंद व्हायची, दोन गचके द्यायची आणि गप्प. पंधरा-वीस मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नाही अशी पुन्हा सुरू.

हे ऐकलं की चाळिशीच्या पुढचा कोणीही माणूस एकच निदान करतो. आमचे मिस्त्री, सासरे, पानवाला, घाटात थांबून चौकशी करणारा एसटीचा ड्रायव्हर, सगळे एका सुरात: व्हेपर लॉक! म्हणजे तापून पेट्रोलची पाइपातच वाफ होते आणि इंजिनवरच्या पंपाला ते ओढता येत नाही. पंपावर ओलं फडकं टाका. कारण लहानपणी प्रत्येकाने ते केलेलं. फियाट, उन्हाळा, घाट, फडकं. मीही वडिलांच्या गाडीच्या पंपावर बाटलीने पाणी ओतलेलं आहे. त्यामुळे दुसरी शंका मनात आलीच नाही. फडकं टाकून पंधरा मिनिटं थांबलं की गाडी सुरू व्हायची, म्हणजे निदान बरोबरच असणार. त्या पंधरा मिनिटांत फडक्याशिवाय आणखीही काही घडत असेल, हा विचार सात महिने शिवला नाही.

मग इलाज सुरू झाले. पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, बदलला. लोकल किटचा डायफ्राम दोन महिन्यांत फुगून पापडासारखा झाला. आता पेट्रोलपंपावर बहुतेक ई-२०च मिळतं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आणि त्यातल्या इथेनॉलपुढे जुन्या पद्धतीचं रबर टिकत नाही. ज्यांनी अजून जुनेच पाइप ठेवलेत त्यांनी ते आजच काढून व्हायटॉनचे, म्हणजे इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे, टाका. महाग आहेत, पण पेट्रोल सायलेन्सरवर ठिबकण्यापेक्षा स्वस्त. दुसरा पंप कुर्ल्याहून, सीएसटी रोडवरून आणला. ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली तेव्हा वाटलं होतं की स्पेअर संपले. पण मोडीत निघालेल्या टॅक्सींचे पंप मला नव्या 'ओरिजिनल'पेक्षा बरे वाटले. त्या जन्मभर सीएनजीवर पळाल्या, पेट्रोल पंप बिचारा नुसता सोबतीला होता. 'ओरिजिनल'चा स्टिकर मात्र आता मला वेगळा विकत मिळतो की काय अशी शंका येते.

पंप आणि इंजिनच्या ब्लॉकच्या मधली, उष्णता अडवणारी बेकेलाइटची पट्टी तडकलेली होती, ती बदलली. पाइप तापणाऱ्या मॅनिफोल्डपासून लांबून फिरवला, त्यावर अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी नको म्हणून फायबर ग्लासची गुंडाळली. टाकी उतरवून आतला गंज साफ केला (नट-बोल्ट टाकून ट्रॅक्टरच्या चाकाला बांधून फिरवल्याचे फोटो भाग ६ मध्ये आहेत, शेजाऱ्यांनी अजून विषय सोडलेला नाही). इग्निशनचा कंडेन्सर बदलला, कॉइल बदलली. रेडिएटर रॉडिंग करून, म्हणजे नळ्या सळईने साफ करून, आणला.

आणि इथे खरी गंमत आहे. प्रत्येक इलाजानंतर गाडी बरी व्हायची! एकदा तर सलग तीन रविवार बरी होती, म्हणून भाग ७ मध्ये मी छाती फुगवून 'बेकेलाइटची पट्टी हेच मूळ' असं लिहिलं. चौथ्या रविवारी मेढ्याच्या रस्त्यावर बंद. भाग ८ मी लिहिलाच होता वैतागून, इलेक्ट्रिक पंप बसवतो म्हणून. तो मागवलाही होता. यांत्रिक पंपाच्या गाडीला टिकटिकणारा इलेक्ट्रिक पंप लावणं म्हणजे नऊवारीवर स्पोर्ट शूज, असं माझं मत होतं आणि आहे, पण माणूस थकतो.

वाचवलं ते वहीने. मार्चअखेर म्हणून गाडीचा खर्च मांडायला बसलो, म्हणजे बसवलं गेलो. पेट्रोलच्या नोंदी एका बाजूला, बंद पडल्याच्या नोंदी दुसऱ्या बाजूला. सौभाग्यवती आकडे वाचत होत्या, मी बेरीज करत होतो. त्या सहज म्हणाल्या, "तुमची गाडी पेट्रोल भरलं की बंद पडते का हो?"

पाहिलं तर खरंच. सतरा वेळा बंद पडली त्यातल्या चौदा वेळा आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी टाकी फुल केलेली. पाचशेचं पेट्रोल टाकून केलेल्या फेऱ्यांत एकदाही नाही.

आता शहाण्या माणसाने इथे थांबून विचार केला असता. मी थेट पेट्रोलपंपावर संशय घेतला. भेसळ! पाणी! घरी उभ्या बरणीत १०० मिली पेट्रोल आणि १०० मिली पाणी हलवून ठेवलं. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं आणि खालचा थर वाढतो. खालचा थर १२० च्या आसपास आला, म्हणजे वीस टक्के, सरकार सांगतं तेवढंच. पेट्रोलचा काही दोष नव्हता. तरी पेट्रोलपंप बदलला, दुसरीकडून टाकी फुल केली, आणि घाटात तिसऱ्या वळणाच्या पुढे गाडी बंद.

त्या दिवशी मी जे केलं ते हुशारीने केलं नाही. पेट्रोलचा काटा गेले वर्षभर मनाला येईल ते दाखवतो, म्हणून वाटलं की टाकी भरताना आपणच चुकलो आणि पेट्रोल संपलं. काडी बुडवून बघायला टाकीचं झाकण फिरवलं. आणि टाकीने श्वास घेतला. स्सूऽऽऽ असा लांबलचक, चार-पाच सेकंद. काडी हातात तशीच राहिली. झाकण उघडंच ठेवून चावी फिरवली, पहिल्या सेल्फला गाडी सुरू. इंजिन तसंच तापलेलं, फडकं कोरडं, थांबून दोन मिनिटंही झाली नव्हती.

झाकण! ते चमकदार, चावीचं, क्रोमचं झाकण मीच बसवलेलं, भाग ४ मध्ये फोटोसकट. सोसायटीत पेट्रोल चोरीला जातं म्हणून. दुकानदार म्हणाला होता, युनिव्हर्सल आहे, डोळे झाकून लावा. डोळे झाकूनच लावलं. जुन्या झाकणाला आत हवा घ्यायला भोक असतं. याला नव्हतं, वर रबरी वॉशर असा घट्ट की मुंगी जाणार नाही.

आता सगळं जुळतं. टाकी फुल असली की वर हवा जेमतेम दोन-तीन लिटर. घाटात दीड लिटर पेट्रोल खाल्लं की ती हवा दीडपट जागेत ताणली जाते, टाकीत ओढ तयार होते आणि पंप एकीकडे ओढतो, टाकी दुसरीकडे. टाकी अर्धी असली तर वर पंधरा-वीस लिटर हवा; तेवढी ताणायला कितीतरी जास्त किलोमीटर लागतात आणि तोवर मी घरी आलेलो असतो. पंधरा मिनिटं थांबलं की टाकीवरच्या, काट्याच्या फ्लोटच्या गॅस्केटमधून हवा हळूहळू आत झिरपायची. फडकं नुसतं वेळ काढत होतं. आणि इलाज लागू का पडायचा, तर प्रत्येक दुरुस्तीनंतर खिसा रिकामा असायचा आणि मी पाचशेचंच पेट्रोल टाकायचो!

मिस्त्रींना सांगितलं तर ते हार मानेनात. त्यांचं म्हणणं, व्हेपर लॉक होताच. आणि विचार केल्यावर त्यांचं निम्मं पटलं. दाब कमी झाला की पेट्रोल कमी तापमानाला उकळतं. टाकीतून ओढ लागलेली, बोनेटखाली भट्टी, त्यात ७८ अंशांना उकळणारं इथेनॉल मिसळलेलं. तेव्हा पंपाच्या अलीकडच्या पाइपात वाफ होतही असेल. पण ती झाकणाने बोलावलेली. मिस्त्रींचा मान राहावा म्हणून हे इथे लिहिलं असं नाही, पण राहिला तर बरंच.

खात्री करायची म्हणून फ्रिजवाल्याकडून त्याचं कंपाउंड गेज (दाब आणि ओढ दोन्ही मोजणारं) एका दिवसासाठी मागून आणलं आणि पंपाच्या आधी टी-जोड टाकून जोडलं. टाकी फुल, तेच झाकण. दर दोन किलोमीटरला उतरून बघायचं. चौथ्या किलोमीटरला काटा ओढीच्या दोन इंचांवर, दहाव्याला पाचाच्या वर, आणि काटा साडेसात-आठ इंचांच्या मध्ये आला तशी गचके सुरू. झाकण सैल केलं, काटा धपकन शून्याकडे. सात महिन्यांत पहिल्यांदा गाडी बंद पडल्याचा आनंद झाला.

सध्या झाकणाच्या आतल्या पत्र्याला एक मिलिमीटरचं भोक पाडलंय, बाहेरच्या भोकाशी तिरकं, म्हणजे पेट्रोल सरळ उसळणार नाही. भोक पाडताना झाकण अर्थातच गाडीपासून लांब नेऊन, धुऊन, वाळवून. पण हा जुगाड पावसाळ्यापर्यंतच. कासच्या पावसात त्या भोकातून पाणी गेलं तर इथेनॉल ते आनंदाने पिऊन घेईल आणि तळाशी नवीन नाटक सुरू.

बाकी प्रगती थोडक्यात. स्टिअरिंगवरच्या गिअरच्या लिंकेजचे बुश कोल्हापूरला उद्यमनगरात नायलॉनचे लेथवर काढून घेतले. बाजारातले रबरी बुश वर्षभरात ढिले होतात, तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकताना रिव्हर्सशी फुगडी घालावी लागायची. आता एका बोटाने गिअर पडतो. परवा घाटात उगाचच चार वेळा दुसरा-तिसरा, दुसरा-तिसरा केलं. ज्याने हे केलंय त्यालाच कळेल. किंगपिनला ग्रीस, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना नवी लायनर, बस.

इलेक्ट्रिक पंप परत पाठवायचा होता, पण लिहिता लिहिता वाटतंय की ठेवावा. गाडीत बसवायला नाही. महिनाभर उभी राहिली की सोलेक्सची वाटी सुकते आणि सेल्फ मारून मारून बॅटरी जाते. तेव्हा बाहेरून जोडून वाटी भरायला उपयोगी पडेल. कोणी हे करून पाहिलंय का? आग लागण्याचा धोका कुठे आहे ते आधी सांगा.

रंगाचं काम दिवाळीपर्यंत ठरलं होतं, लांबी-प्रायमर वगैरे. ते आता पुढे ढकलतोय. इतक्या महिन्यांनी गाडी चालतेय आणि तिला पुन्हा ठोकळ्यांवर चढवायची? त्याऐवजी कुर्ल्याला नेतो. जिथे प्रीमियरचा कारखाना होता तिथे आता कोहिनूर सिटी आहे, पण रस्त्याचं नाव अजून प्रीमियर रोडच आहे. त्या पाटीखाली हस्तिदंती रंगाच्या पोपडे आलेल्या गाडीचा एक फोटो. बोरघाट जुन्या रस्त्यानेच उतरायचा. येताना चढ आहे, तेव्हा टाकी पनवेलला फुल करणार, मुद्दाम. गेज परत केलंय, पण फ्रिजवाला म्हणतो लागलं तर घेऊन जा.

त्याआधी एक काम. जुनं झाकण, कारखान्यातून आलेलं, आतल्या वाल्वसकट, मी भाग ४ च्या सुमारास भंगारवाल्याला दिलं होतं. गंजका बंपर, दोन हबकॅप आणि ते झाकण, सगळे मिळून चाळीस रुपये. तो भंगारवाला अजून बुधवारी येतो, विचारलं तर म्हणतो, साहेब ते कधीच वितळलं. पुण्याच्या जुन्या बाजारात दोन रविवार हिंडलो. झाकणं ढीगभर, पण सगळी माझ्यासारखीच, बंद. कोणाकडे पद्मिनीचं हवा घेणारं झाकण जादा असेल, गंजलेलं चालेल, वाल्व हलत असला म्हणजे झालं, तर कळवा. बदल्यात नायलॉनचे दोन बुश देईन, उद्यमनगरातून सहा करून आणलेत.