तुम्ही विचारलंत म्हणून: सगळं क्लाउडवर आहे, मग साईट का बसते?

दहावीचा निकाल लागला की मला फोन येतातच. सरकारी संगणक प्रकल्पांवर बरीच वर्षं काम केलंय, त्यामुळे नातेवाईक आणि ओळखीचे लोक हक्काने विचारतात, ‘सरकार म्हणतं सगळं क्लाउडवर गेलं, मग ऐन वेळी साईट का बसते?’ आणि पाठोपाठ, ‘आमची कागदपत्रं तरी तिथं सुरक्षित आहेत ना?’ प्रश्न रास्त आहेत. एकदा सविस्तर उत्तर देतो.

क्लाउड म्हणजे मोठ्या डेटा सेंटरमधली संगणकाची क्षमता लागेल तेवढी इंटरनेटवरून वापरणं. तो येण्याआधी काय होतं, ते पाहिलेल्यालाच त्याची किंमत कळेल. जिल्ह्याच्या एका कार्यालयात सर्व्हर ठेवला होता रेकॉर्ड रूममध्ये, लाल कापडात बांधलेल्या दप्तरांच्या रांगेशेजारी. संध्याकाळी कार्यालय बंद करताना मेन स्विच पाडायचा, हा जुना शिरस्ता. त्यामुळे एसी बंद. यूपीएसच्या बॅटऱ्या फुगलेल्या. ‘बॅकअप घेतला’ अशी नोंद वहीत रोज सहीनिशी, आणि बॅकअपची टेप त्याच खोलीतल्या कपाटात. आग लागली असती तर दप्तर, सर्व्हर आणि टेप एकदमच गेलं असतं. प्रत्येक खात्याने असा आपापला सर्व्हर घ्यायचा, वर्षातल्या सगळ्यात गर्दीच्या दिवसाच्या हिशोबाने घ्यायचा आणि उरलेलं वर्षभर तो रिकामा चालवायचा. घरात एक लग्न आहे म्हणून कुणी मंगल कार्यालय बांधायला घेत नाही. सरकारी खाती नेमकं तेच करत होती.

म्हणून केंद्र सरकारने 2013 मध्ये ‘मेघराज’ या नावाने धोरण मांडलं आणि 2014 मध्ये एनआयसीचा, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचा, राष्ट्रीय क्लाउड सुरू झाला. खात्यांनी यंत्रं विकत न घेता लागेल तेवढी क्षमता वापरावी, हा त्यामागचा विचार. खासगी कंपन्यांनाही पॅनेलवर घेतलं. अट अशी की माहिती भारतातच राहिली पाहिजे आणि एसटीक्यूसी या सरकारी तपासणी यंत्रणेचं ऑडिट झालं पाहिजे. महाराष्ट्राने 2018 च्या सुरुवातीला स्वतःचं पब्लिक क्लाउड धोरण जाहीर केलं. दिशा योग्यच होती, हे माझं आजही ठाम मत आहे.

मग साईट का बसते? कारण बऱ्याचदा जुनं सॉफ्टवेअर जसंच्या तसं उचलून क्लाउडवर ठेवलेलं असतं. समोरची यंत्रं एकाची वीस करता येतात, पण ती वीसही मागच्या एकाच डेटाबेसच्या, म्हणजे सगळी माहिती साठवलेल्या जागेच्या, दारात उभी राहतात. पंधरा लाखांच्या आसपास मुलांचा निकाल, घरातल्या चार-चार मोबाईलवरून, एकाच वेळी. खरं तर निकाल एकदा जाहीर झाला की बदलत नाही. प्रत्येकाचं पान आधीच तयार करून त्याच्या प्रती अनेक ठिकाणी ठेवल्या, तर डेटाबेसला हात लावायचीही गरज पडत नाही. निकाल डिजीलॉकरवरही मिळू लागला, त्याने गर्दी विभागली जाते. हे चांगलं पाऊल आहे.

दुसरं कारण सरकारी फाइलमध्ये असतं. यंत्रं आपोआप वाढू शकतात, पण कुठवर वाढू द्यायची ती मर्यादा माणूस घालतो. सर्व्हर खरेदीची रक्कम निविदेत ठरलेली असते. क्लाउडचं देयक मात्र वापरावर, म्हणजे दर महिन्याला वेगळं. लेखापरीक्षणात ‘या महिन्यात तिप्पट खर्च का?’ असा आक्षेप निघेल या धास्तीने अधिकारी मर्यादा कमी ठेवतो. मी त्याला दोष देत नाही. वित्तीय नियमांनीच असा बदलता खर्च मोकळेपणाने स्वीकारला पाहिजे.

आता सुरक्षिततेचं. 26 सप्टेंबर 2025 रोजी दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्यांनी पेट घेतला आणि 709 सरकारी यंत्रणा बंद पडल्या. कर्मचाऱ्यांच्या फाइली ठेवायचा ‘जी-ड्राइव्ह’ नावाचा सरकारी क्लाउड होता, त्यातली 858 टेराबाइट माहिती गेली. साठा फार मोठा म्हणून त्याचा बाहेर बॅकअपच नव्हता. ई-गव्हर्नन्समध्ये जगात पहिल्या रांगेत असलेला देश, स्वतःचं डेटा सेंटर, स्वतःची माणसं. त्यामुळे ‘क्लाउड सरकारी की खासगी’ याच्या आधी मी विचारतो, दुसरी प्रत कुठल्या शहरात आहे? आणि ती प्रत वापरून यंत्रणा पुन्हा उभी करून शेवटचं कधी पाहिलंत?

सरकारी-खासगी हा भेदही महत्त्वाचा आहेच. मोठ्या अमेरिकन कंपन्यांची डेटा सेंटर मुंबई-पुण्यात आहेत, पण अमेरिकेचा 2018 चा क्लाउड कायदा अमेरिकन कंपन्यांकडून परदेशात ठेवलेली माहितीही मागू शकतो. म्हणून सातबारा, जन्म-मृत्यूच्या नोंदी, आरोग्याच्या नोंदी सरकारी क्लाउडवरच असाव्यात. आणि बाहेर ठेवायच्याच झाल्या तर कुलूपबंद (म्हणजे एन्क्रिप्ट करून), किल्ल्या सरकारच्या हातात, असं मला वाटतं.

विज्ञानाचा हिशोब मात्र निराळा. पुण्यात पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत 2024 पासून ‘अर्का’ हा 11.77 पेटाफ्लॉप्सचा (हे गणनेच्या वेगाचं माप) महासंगणक हवामानाची गणितं करतो. हवामानाच्या प्रतिमानात (मॉडेलमध्ये) वातावरणाचे लाखो चौकोन असतात आणि प्रत्येकाला दर पायरीला शेजाऱ्याचे आकडे लागतात. असं काम हजारो प्रोसेसर एकमेकांशी अतिवेगवान जाळ्याने जोडलेल्या यंत्रावरच नीट होतं, आणि ते वर्षभर अखंड चालतं. तिथं भाडं परवडत नाही. याउलट, एकमेकांशी संबंध नसलेल्या हजारो प्रतिमा तपासायच्या असतील, तेही दोनच महिने, तर क्लाउड उत्तम. फक्त संशोधकांनी एक पाहून घ्यावं: माहिती क्लाउडवर चढवणं बहुधा फुकट असतं, उतरवताना पैसे पडतात. अनुदान संपल्यावर माहिती परत आणायला पैसे उरले नाहीत, तर संशोधन तिथंच अडकून पडतं.

खात्यांचंही तेच. करार करतानाच बाहेर पडायची अट लिहून घ्यावी लागते, आणि ती वाचून समजणारा माणूस खात्याच्या कायम आस्थापनेवर असावा लागतो. सल्लागार कंत्राट संपलं की निघून जातात. दर मोठ्या खात्यात अशी चार-पाच कायम पदं भरा, एवढंच मी आता प्रत्येक बैठकीत मागतो.